विंटेज मोटारींचा संग्रह व जीर्णोद्धार

विंटेज मोटारींचा संग्रह व जीर्णोद्धार म्हणजे ऐतिहासिक, तांत्रिक किंवा कलात्मक मूल्य असलेली जुनी वाहने मिळवणे, ती जपणे आणि शक्य तितक्या मूळ स्वरूपात पुन्हा चालती करणे. हा छंद आहे, तसेच ती वारसा-जतनाची एक शाखाही आहे. जुनी मोटार तिच्या काळातील धातुकाम, सुतारकाम, रंगकाम व यंत्रविद्या यांचा पुरावा असते. त्यामुळे तिची दुरुस्ती करताना तो पुरावा पुसला जाऊ नये, हे या क्षेत्रातील मुख्य तत्त्व मानले जाते. महाराष्ट्रात या विषयाचा संबंध संस्थानिकांच्या वाहनताफ्यांशी, मुंबई-पुण्याच्या वाहन कारखान्यांशी आणि कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्रांशी येतो.

## संज्ञा व वर्गीकरण

'विंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाशी व त्या हंगामातील मद्याशी निगडित आहे. मोटारींच्या संदर्भात तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. बोलीभाषेत कोणत्याही जुन्या मोटारीला विंटेज म्हटले जात असले, तरी संग्राहकांच्या परिभाषेत त्याचा अर्थ मर्यादित आहे. ब्रिटिश परंपरेतील वर्गवारी साधारणपणे पुढीलप्रमाणे आहे:

* व्हेटरन – १९०४ अखेरपर्यंत तयार झालेल्या मोटारी.
* एडवर्डियन – १९०५ ते १९१८.
* विंटेज – १९१९ ते १९३०.
* उत्तर-विंटेज – १९३१ ते १९४० या काळातील निवडक मोटारी.
* क्लासिक – त्यानंतरच्या संग्रहयोग्य मोटारी; या वर्गाची उत्तरसीमा देशपरत्वे बदलते.

भारतातील मोटार क्लब सामान्यतः दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींना विंटेज आणि युद्धोत्तर मोटारींना क्लासिक म्हणतात. भारतीय कायद्यातील व्याख्या मात्र उत्पादनाच्या कालखंडावर आधारलेली नसून वाहनाच्या वयावर आधारलेली आहे (पाहा: *कायदेशीर स्थिती*). परिणामी, क्लबच्या दृष्टीने क्लासिक असलेली फियाट ११०० कायद्याच्या दृष्टीने विंटेज ठरू शकते.

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठीत प्रामुख्याने देवळांसंबंधी वापरला जातो. मोटारींच्या बाबतीत तीन कृतींमध्ये फरक केला जातो. *जतन* म्हणजे वाहन आहे त्या अवस्थेत टिकवणे व पुढील झीज थांबवणे. *जीर्णोद्धार* म्हणजे निकामी वा हरवलेले भाग पुन्हा घडवून वाहन पूर्वस्थितीस आणणे. *प्रतिकृती* म्हणजे जुन्या नमुन्यावरून नव्याने बांधलेले वाहन. तिला ऐतिहासिक वाहनाचा दर्जा मिळत नाही.

## इतिहास

### जगात

जुन्या मोटारी जपण्याची चळवळ ब्रिटनमध्ये लवकर सुरू झाली. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारींवरील वेगमर्यादा शिथिल झाल्याच्या आनंदात लंडन ते ब्रायटन अशी मोटारयात्रा निघाली होती. तिच्या स्मरणार्थ १९२७ पासून जुन्या मोटारींची यात्रा काढली जाऊ लागली. पुढे १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब आणि १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाले. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या सौंदर्यस्पर्धेमुळे मोटारीकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी पसरली. १९६६ मध्ये ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिवा' स्थापन झाला. किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन, अशी ऐतिहासिक वाहनाची व्याख्या हा महासंघ करतो.

### भारतात

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत कोलकाता व मुंबई येथे मोटारी आल्या. पुढील चार दशकांत त्यांचे मोठे ग्राहक संस्थानिक, व्यापारी व उच्चपदस्थ अधिकारी हे होते. मोटारमालकांची संघटना म्हणून १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली.

त्या काळी उंची मोटारींचे अनेक उत्पादक फक्त चेसिस, इंजिन व चाके पुरवत. त्यावरील टप, दरवाजे व आसने ग्राहकाच्या पसंतीने स्वतंत्र कारागीर बांधत. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन मोटारीही एकसारख्या नसत. शिकारीसाठी, पडदानशीन स्त्रियांसाठी आणि मिरवणुकीसाठी वेगवेगळ्या बांधणीच्या मोटारी तयार होत. कोलकात्यातील एका इंग्रज रहिवाशासाठी १९१० मध्ये बांधलेली हंसाच्या आकाराची 'स्वान कार' हे याचे टोकाचे उदाहरण आहे. ती पुढे नाभा संस्थानाकडे गेली आणि आता नेदरलँड्समधील लूव्हमन संग्रहालयात आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या इंजिनाच्या मोटारी पोसणे अवघड झाले. अनेक मोटारी अल्प किमतीत विकल्या गेल्या, काही परदेशी गेल्या आणि कित्येक भंगारात निघाल्या. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी १९३४ मध्ये बांधलेली रोल्स-रॉइस 'स्टार ऑफ इंडिया' १९६८ मध्ये देशाबाहेर गेली होती. ती अनेक दशकांनी त्याच घराण्याने परत मिळवली. असे पुनरागमन अपवादात्मक आहे. १९५० पूर्वीच्या मोटारी व त्यांचे सुटे भाग यांच्या निर्यातीवर पुढे सरकारने निर्बंध घातले.

याच काळात छंदाला सार्वजनिक रूप येऊ लागले. *द स्टेट्समन* या वृत्तपत्राने १९६० च्या दशकात दिल्ली व कोलकाता येथे जुन्या मोटारींच्या फेऱ्या सुरू केल्या. अहमदाबादजवळील प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आणि हरियाणात तावडू येथे २०१३ मध्ये सुरू झालेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम ही संग्रहांची उल्लेखनीय उदाहरणे होत.

## कोल्हापूर व महाराष्ट्र

### छत्रपतींची मेबॅक

कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्यातील मंडळी मेबॅक या जर्मन बनावटीच्या मोटारीतून दसरा चौकात येतात. त्यानंतर शमीपूजन व सोने लुटण्याचा सोहळा होतो. विजयादशमीला घोडे, रथ व शस्त्रे यांची पूजा करण्याच्या परंपरेत येथे मोटारीलाही स्थान मिळाले आहे. त्यामुळे ही मोटार केवळ संग्रहातील वस्तू न राहता एका चालू प्रथेचा भाग आहे.

मेबॅक ही संस्था विल्हेल्म मेबॅक व त्यांचे पुत्र कार्ल यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवण्यासाठी सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमान-इंजिनांबाबत निर्बंध आल्यावर ती मोटारींकडे वळली व १९२१ मध्ये तिने पहिली मोटार सादर केली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिने सुमारे १,८०० मोटारी बनवल्या. मेबॅक चेसिस पुरवत असे आणि त्यावरील बांधणी बहुतेक वेळा राव्हेन्सबुर्ग येथील हेर्मान श्पोन यांच्या कारखान्यात होई. इतक्या कमी संख्येच्या मोटारीचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. मोडलेला भाग बहुधा पुन्हा घडवावाच लागतो.

### ओतकाम व मेस्त्री परंपरा

असा भाग घडवण्याची क्षमता ज्या शहरांत टिकून आहे, त्यांत कोल्हापूरचा समावेश होतो. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, पॅटर्न व ओतकामाचे छोटे कारखाने, तसेच शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींमधील फौंड्री यांमुळे हा जिल्हा वाहनांच्या ओतीव भागांचे महत्त्वाचे केंद्र बनला. शेतीच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिने, उसाचे चरक आणि गुऱ्हाळाची यंत्रे यांच्या दुरुस्तीतून येथील कारागिरांचा हात तयार झाला. परदेशी यंत्रावर अवलंबून न राहण्याची वृत्ती येथे त्याआधीही दिसते. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी चित्रपटासाठी कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली.

'मेस्त्री' ही उपाधी कोल्हापूर परिसरात शिक्षणाच्या प्रमाणपत्रापेक्षा हाताच्या कसबावरून मिळते. ही विद्या मुख्यतः गुरू-शिष्य पद्धतीने, कामाच्या जागीच दिली जात असे. शहराच्या दक्षिणेस कळंबा मार्गावर असलेल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांमधून जोडारी, कातारी, संधाता इत्यादी व्यवसायांचे औपचारिक शिक्षण मिळते. मात्र आजचे मोटारशिक्षण संगणकनियंत्रित इंजिनांभोवती आखलेले असते. मॅग्नेटोची वेळ जुळवणे, पांढऱ्या धातूचे बेअरिंग ओतणे किंवा हाताने ठोकून मडगार्डला गोलाई देणे ही कामे अजूनही जुन्या मेस्त्रींकडूनच शिकावी लागतात.

### मीरा

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार बनवण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी एकामागून एक नमुने तयार केले. ही मोटार 'मीरा' या नावाने ओळखली गेली. तिचे व्यापारी उत्पादन कधीच झाले नाही. संग्रहाच्या दृष्टीने अशा वाहनांचे उदाहरण बोधप्रद आहे. हजारोंनी बनलेल्या मोटारीचे एखादे तरी वाहन कोठेतरी उरते; परंतु मोजक्याच नमुन्यांपुरत्या राहिलेल्या मोटारीचा नमुना नष्ट झाला, की मागे छायाचित्रे, आराखडे व आठवणी यांखेरीज काही उरत नाही. राजघराण्याच्या मोटारींकडे संग्राहकांचे लक्ष लवकर गेले. देशी प्रयोगांकडे ते उशिरा वळले.

### महाराष्ट्रात बनलेली वाहने

मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज व प्लिमथ वाहनांची जुळणी सुरू झाली. १९५० च्या दशकात तेथे फियाट मोटारी बनू लागल्या. गोलसर बांधणीच्या जुन्या फियाट ११०० ला महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' असे नाव पडले. तिचीच पुढील आवृत्ती १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईत महिंद्र कंपनीची जीप आणि पुण्याजवळ आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली; बजाजची 'चेतक' १९७२ मध्ये आली.

मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे शेवटचे नोंदणीकृत वाहन ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निघाले. एके काळी मुंबईची ओळख असलेल्या या टॅक्सींपैकी जतन झालेल्यांची संख्या फारच थोडी आहे. विपुल असलेली वस्तू दुर्मीळ होईपर्यंत कोणी जपत नाही, ही संग्रहशास्त्रातील नेहमीची अडचण येथेही दिसते.

## संग्रह

संग्राहक मोटार निवडताना तिची दुर्मीळता, पूर्णता, कागदपत्रे व वंशावळ पाहतात. वंशावळ म्हणजे मोटार कोणासाठी बनली, कोणाकोणाकडे राहिली आणि तिच्यावर कोणती कामे झाली याची सलग नोंद. मूळ पावती, नोंदणी पुस्तक, कारखान्याची पत्रे, जुनी छायाचित्रे व चालकांच्या आठवणी यांवरून ती सिद्ध करतात.

'पूर्णता' हा निकष नवख्या संग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. गंजलेली पण पूर्ण मोटार ही चकचकीत पण अपूर्ण मोटारीपेक्षा अधिक उपयुक्त असते. गंज काढता येतो; परंतु हरवलेला दिवा, मापक किंवा दरवाजाची मूठ मिळवण्यास वर्षानुवर्षे लागू शकतात. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीपेक्षा अधिक संख्येने बनलेल्या फोर्ड मॉडेल टी मोटारीचे भाग आजही नव्याने तयार होतात. मोजक्या संख्येच्या मोटारींना हा लाभ नाही.

महाराष्ट्रात जुन्या भागांचा शोध मुंबईतील चोरबाजार, कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार आणि गावोगावची भंगार दुकाने यांतून घेतला जातो. अनेक मोटारी वाड्यांच्या पडव्यांत व साखर कारखान्यांच्या आवारांत सापडल्याचे संग्राहक सांगतात. दुचाकींमुळे हा छंद मध्यमवर्गीयांच्याही आवाक्यात आला. जावा, लॅम्ब्रेटा व व्हेस्पा यांना जागा व खर्च कमी लागतो आणि त्यांचे मेस्त्री अजून भेटतात.

## जीर्णोद्धाराची प्रक्रिया

### नोंद व विघटन

पहिले पाऊल दुरुस्तीचे नसून नोंदीचे असते. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक व बांधणी करणाऱ्या कारखान्याची पाटी यांची खात्री करून सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात. नंतर मोटार उलगडताना प्रत्येक भागाला क्रमांक देऊन त्याची जागा लिहून ठेवतात. नट-बोल्टही फेकत नाहीत. ब्रिटिश, अमेरिकी व युरोपीय आट्यांची मापे निराळी असल्याने चुकीचा बोल्ट बसवल्यास मूळ आटे निकामी होतात. रंगाचे जुने थर हलक्या हाताने घासून पाहिले असता सर्वांत खालचा, मूळ रंग सापडतो. मोटार एकदा सुटी केली, की ही माहिती पुन्हा मिळत नाही.

### चेसिस व बांधणी

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक मोटारींत पोलादी चेसिसवर लाकडी सांगाडा असे व त्यावर पत्रा ठोकलेला असे. युरोपात यासाठी ॲश हे लवचीक लाकूड वापरत. भारतात अनेकदा साग वापरला गेला. पावसाळी हवेत पत्र्याआधी लाकूड कुजते व दरवाजे लोंबू लागतात. म्हणून पत्राकामापूर्वी सुतारकाम पूर्ण करावे लागते. पत्रा शक्य तेथे न बदलता, गंजलेला तुकडाच कापून त्याच जाडीचा नवा तुकडा जोडतात. भारतीय गॅरेजमध्ये सर्रास वापरली जाणारी जाड पुट्टी आतला गंज झाकते. काही पावसाळ्यांनंतर ती फुगून सुटते.

### इंजिन

जुन्या इंजिनांतील फिरता दांडा बहुधा पांढऱ्या धातूच्या बेअरिंगवर फिरतो. हा मुख्यतः कथील, अँटिमनी व तांबे यांचा मिश्रधातू असतो. बेअरिंगचे कवच स्वच्छ करून, पितळी भांड्याला कल्हई करावी तसा त्यावर कथलाचा पातळ थर देतात; मग तापवलेल्या साच्यात वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर ते लेथवर कातून शेवटी हाताने खरवडतात. दांड्यावर निळा रंग लावून फिरवला असता जेथे रंग उमटतो तेथे उंचवटा असतो. तो खरवडून पुन्हा पाहायचे, असे समान स्पर्श होईपर्यंत करतात. कथलाचा थर नीट चिकटला नाही, तर बेअरिंग काही किलोमीटरांतच सुटते.

बिडाच्या ब्लॉकला तडा गेल्यास साधे वेल्डिंग धोक्याचे असते, कारण असमान तापल्याने शेजारी नवा तडा जातो. म्हणून तड्याच्या रेषेत छिद्रे पाडून धातूच्या कड्या व खिळ्या बसवण्याची, म्हणजे एक प्रकारे शिवण्याची, पद्धत वापरतात. झिजलेले सिलिंडर बोअर करून त्यात स्लीव्ह घालतात. फुटलेला ओतीव भाग मिळतच नसेल, तर त्याचा लाकडी पॅटर्न करून नवा भाग ओततात. तप्त धातू निवताना आकुंचन पावतो, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवावा लागतो. हे गणित फौंड्रीतील अनुभवी पॅटर्नमेकर जाणतो.

### विद्युत व्यवस्था, रंग व अस्तर

युद्धपूर्व मोटारींत अनेकदा सहा व्होल्टची व्यवस्था आणि सुती वेष्टणाच्या तारा असत. सुरक्षिततेसाठी आत आधुनिक तार व बाहेर जुन्या पद्धतीचे सुती वेष्टण, असा मार्ग स्वीकारला जातो. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत मोटारींचा रंग ब्रशने, थरावर थर देऊन आठवडेच्या आठवडे चाले. त्यानंतर नायट्रोसेल्युलोज लॅकर आले व रंगकाम फवाऱ्याने होऊ लागले. चमकत्या भागांवर १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत मुख्यतः निकेलचा मुलामा असे. क्रोमचा प्रसार त्यानंतर झाला. निकेलची झाक पिवळसर उबदार, तर क्रोमची निळसर असते. १९२५ च्या मोटारीवर झळाळते क्रोम दिसले, तर तो नंतरच्या दुरुस्तीचा पुरावा समजावा.

## मूळपणाचा प्रश्न

जीर्णोद्धार किती करावा, हा या क्षेत्रातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. पूर्वी मोटार कारखान्यातून निघाली त्याहूनही झळाळती करण्याकडे कल होता. आता जुना रंग, झिजलेले चामडे व वापराच्या खुणा राखलेल्या मोटारींना अधिक मान मिळू लागला आहे. यामागील युक्तिवाद असा, की वस्तू एकदाच मूळ असते. जीर्णोद्धार मात्र पुन्हापुन्हा करता येतो.

'फिवा'ने या विषयावर 'तुरिन सनद' स्वीकारली आहे. वास्तूंसाठीची १९६४ ची व्हेनिस सनद, जहाजांसाठीची २००३ ची बार्सिलोना सनद आणि रेल्वेसाठीची २००५ ची रिगा सनद यांच्या परंपरेत ती येते. किमान हस्तक्षेप, केलेल्या कामाची नोंद, नव्या भागांवर ओळखखूण आणि शक्य तेथे पूर्ववत करता येईल असा बदल ही तिची मुख्य सूत्रे आहेत.

भारतीय मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. आयातीवरील निर्बंधांच्या दशकांत मेस्त्रींनी मिळेल त्या भागांनी मोटारी चालू ठेवल्या. मोठ्या अमेरिकी मोटारींत डिझेल इंजिने बसली, ॲम्बॅसडर किंवा जीपचे गिअरबॉक्स जोडले गेले. शुद्धतावाद्यांच्या दृष्टीने ही विकृती आहे. पण हे बदल झाले नसते तर त्या मोटारी भंगारात गेल्या असत्या. त्यामुळे काही अभ्यासक अशा बदलांनाही त्या मोटारीच्या इतिहासाचा भाग मानतात आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवण्याचा आग्रह धरतात.

ऐतिहासिक घटनेशी जोडलेल्या मोटारीचे उदाहरण म्हणून नेताजी सुभाषचंद्र बोस यांची जर्मन बनावटीची वाँडरर मोटार सांगता येईल. जानेवारी १९४१ मध्ये कोलकात्याच्या घरातील नजरकैदेतून निसटताना तिचा वापर झाला. तिचा जीर्णोद्धार करून जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. अशा मोटारीत कोणता भाग त्या रात्री प्रत्यक्ष होता, हे तिच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचे असते.

## कायदेशीर स्थिती

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिच्यातील मुख्य तरतुदी अशा:

* पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व चेसिस, बांधणी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने विंटेज मानली जातात.
* नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षे वैध असते.
* नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो.
* प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच वाहन रस्त्यावर आणता येते. नियमित वा व्यापारी वापरास मनाई आहे.

जुना क्रमांक राखण्याची मुभा संग्राहकांना महत्त्वाची वाटते, कारण क्रमांकाच्या अक्षरांवरून वाहन प्रथम कोणत्या प्रांतात किंवा जिल्ह्यात नोंदले गेले हे कळते. इंजिन बदललेल्या वाहनांना मात्र 'मोठे फेरफार नसावेत' ही अट अडचणीची ठरते.

## जतनातील अडचणी

मधल्या वयाची वाहने. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी सामान्यतः १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून तिचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. विंटेज दर्जा ५० वर्षांनंतर मिळतो. या दोन टप्प्यांमधील ३५ वर्षांत वाहनाला जुनेपणाचा खर्च सोसावा लागतो, पण वारशाची सवलत नसते. बहुतेक वाहने याच काळात भंगारात जातात. उदाहरणार्थ, १९८५ ची पद्मिनी २०३५ नंतरच विंटेज ठरू शकेल. तोपर्यंत ती कोणीतरी स्वखर्चाने टिकवावी लागेल.

इंधन. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशामुळे झडपांच्या बैठकींना संरक्षण मिळत असे. म्हणून त्या काळासाठी बनलेल्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठकी बसवतात. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची प्रथा १९२३ पासूनची असल्याने त्यापूर्वीच्या मोटारींना ही अडचण येत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हा नवा प्रश्न आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुने रबर, बुचाचे तरंगक व लाखेचे लेप यांना इजा करते. त्यावर उपाय म्हणून इथेनॉलरोधक नळ्या वापरतात आणि मोटार दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करतात.

हवामान. कोल्हापूरसारख्या दीर्घ पावसाळ्याच्या प्रदेशात मोटार ओल्या जमिनीवर उभी करणे घातक असते. तिला कोरड्या फरशीवर, हवा खेळेल अशा जागी, चाकांवरील भार कमी करून ठेवतात. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली वाफ साचते, म्हणून सुती कापड वापरतात. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करण्याची सवय उपकारक नसून अपायकारक आहे. त्यामुळे आत पाणी साचते. चालू केल्यास ते पूर्ण तापेपर्यंत चालवावे लागते.

कसब. सर्वांत गंभीर अडचण मनुष्यबळाची आहे. भाग नव्याने ओतता येतो, रंग पुन्हा बनवता येतो. परंतु आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखणारा मेस्त्री निवृत्त झाला, की त्याचे ज्ञान बहुधा त्याच्यासोबतच जाते, कारण ते कोठेही लिहिलेले नसते. त्यामुळे अलीकडे जीर्णोद्धाराच्या नोंदीत केवळ मोटारीची छायाचित्रे न घेता काम करणाऱ्या कारागिराची पद्धत, त्याने स्वतः बनवलेली हत्यारे व त्याची परिभाषा यांचेही चित्रीकरण करावे, असे सुचवले जाते. मराठी गॅरेजमधील शब्दसंपदेचा संग्रह हाही या कामाचा एक भाग होऊ शकतो.

## हे सुद्धा पहा

* कोल्हापूर संस्थान
* कोल्हापूरचा शाही दसरा
* कळंबा
* इचलकरंजी
* वालचंद हिराचंद
* प्रीमियर पद्मिनी
* बाबूराव पेंटर